निकालात नसलेलं वाक्य

एप्रिल सुरू झाला की बोईसर रस्त्यावरच्या त्या कॉलेजच्या फाटकाला सुतळीनं बांधलेला एक पुठ्ठा लटकू लागतो: 'परीक्षा सुरू आहे. शांतता राखा.' पालघरच्या कोर्टातलं काम आटोपून मी बोईसरला एखाद्या अशिलाकडे निघालेली असते, ऊन मी म्हणत असतं, गाडीतला एसी नावापुरता, आणि नेमका तो पुठ्ठा दिसतो. दिसला की माझं डोकं सणकतं. पोरांच्या परीक्षेवर माझा राग नाही. राग त्या 'शांतता राखा'वर आहे. त्या कॉलेजात आता इतकी शांतता आहे की पुठ्ठा लावायचीही गरज नाही.

खरं तर हे दिवस मला आवडायचे. मासवणकडची जांभळं यायला अजून अवकाश असतो, पण उमरोळीच्या फाट्यावर बायका ताडगोळे सोलत बसलेल्या असतात. हातातला कोयता इतका सहज चालतो की बघत राहावं. सातपाटीच्या एसटीत बसलं तर सुक्या बोंबलांचा वास पदराला धरून घरापर्यंत येतो. कोर्टाला सुट्टी लागायची असते आणि त्याआधी सगळ्यांना सगळं उरकून हवं असतं. अशाच दिवसांत सावे सर पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आले. त्यानंतर या मोसमाची चवच गेली.

सावे सर त्या कॉलेजात पंचवीसेक वर्षं अर्थशास्त्र शिकवत होते. माणूस उमरोळीचा. घरी नारळ-चिकूची वाडी, अंगात पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. आल्या आल्या त्यांनी निलंबनाचं पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाले, "वकीलबाई, हे वाचा. सावकाश वाचा. आणि वाचून झालं की सांगा, मी केलं काय?"

मी वाचलं. मलाही कळलं नाही. मग त्यांनीच सांगितलं.

दुसऱ्या वर्षाच्या पोरांना एक प्रकल्प करावा लागतो. बहुतेक पोरं तो गाइडातून उतरवतात, बहुतेक मास्तर न वाचता त्यावर सही करतात, आणि सगळे सुखात असतात. सरांना ते जमायचं नाही. त्यांनी त्या वर्षी पोरांना सांगितलं, बोईसरच्या कारखान्यांत बाहेरगावाहून कामाला आलेली माणसं राहतात कशी, ते बघून या. एका खोलीत किती जण, नळ किती, संडास किती, पाणी येतं कधी. एवढंच. पोरं वह्या घेऊन, सरांबरोबर चाळीचाळीतून फिरली. काही डोंगराकडची, काही किनाऱ्याकडची. ही कामगार माणसं त्यांना रोज रस्त्यात दिसायची, पण बोलणं कधी झालं नव्हतं.

एका दारातला प्रसंग सर पुन्हा पुन्हा सांगायचे. एक कामगार कपडे वाळत घालता घालता त्यांच्या विद्यार्थिनीला म्हणाला, "मैडम, लिखके क्या करोगे? नल तो एक ही रहेगा." ती पोरगी सातपाटीची, आई बाजारात मासळी विकणारी. ऐकून घेणाऱ्यातली नव्हेच. म्हणाली, "लिखेंगे तो मालूम तो पडेगा, भैया." आणि सरांकडे वळून हळूच, "सर, पान्याचा तरास आमाला पन हाय. पन आमच्या दारात कोनी इचारायला आला नाय कदी." सर म्हणायचे, त्या दिवशी मला वाटलं, आपण जे शिकवत होतो ते एवढ्या वर्षांनी कुठंतरी पोचलं. हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही फुलायचा की मला त्यांना थांबवून आरोपपत्राकडे वळवणं जिवावर यायचं.

पोरांनी त्या सगळ्याचं भित्तिपत्रक केलं. चाळीचा नकाशा काढला, नळाच्या जागी निळा ठिपका दिला, आणि ठिपक्यामागे बादल्यांची रांग, एकेक बादली वेगळ्या रंगाची. वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर ते लागलं. त्यात कुणाचंही नाव नव्हतं. पण नकाशा इतका चोख होता की चाळ कुणाची हे शेंबड्या पोरानंही ओळखावं. ती संस्थेच्या अध्यक्षांची होती. मी सरांना दहादा विचारलं, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? ते म्हणाले, "मी पोरांना नळ मोजायला सांगितले होते, वकीलबाई. मालक नव्हे."

बक्षीस समारंभाला अध्यक्ष आले तेव्हा फळ्यापुढे थोडा वेळ थांबले. मग हार घालून घेतला, भाषण केलं, चहा घेतला. दुसऱ्या दिवशी फळा रिकामा होता आणि आठवडा संपायच्या आत सर निलंबित. आरोप तीन. विद्यार्थ्यांना परवानगीशिवाय बाहेर नेलं, संस्थेची बदनामी केली, आणि अभ्यासक्रमाबाहेरचं शिकवलं.

सरांनी तिसऱ्या आरोपावर बोट ठेवलं. "पहिल्या दोनांचं तुमचं तुम्ही बघा. मला याचं उत्तर पाहिजे. मास्तरानं पोरांना चार प्रश्न विचारायला बाहेर पाठवलं, तर तो गुन्हा आहे का? नाही, असं कुणीतरी न्यायाच्या खुर्चीत बसून लेखी सांगू दे. एक वाक्य. मला नोकरीपेक्षा ते पाहिजे."

मी हसले. नोकरी परत हवी म्हणणारे अशील मी पुष्कळ पाहिले होते, वाक्य हवं म्हणणारा पहिलाच. आज ते हसणं आठवलं की माझाच मला राग येतो.

त्या उन्हाळ्यात एकदा कागद घ्यायला मी उमरोळीला त्यांच्या घरी गेले. सर वाडीत होते. त्यांच्या पत्नी, मी त्यांना वहिनी म्हणते, लिंबाचं सरबत घेऊन बाहेर आल्या आणि माझ्याजवळ ओटीवर टेकल्या. दरवर्षी या दिवसांत सर डबा घेऊन कॉलेजात पेपर तपासायला जायचे आणि संध्याकाळी बोटांना लाल शाई लावून परत यायचे. यंदा कॉलेजात पाऊल टाकायचं नाही असा हुकूम होता. वहिनी खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुमी तरी त्यांना सांगा हो. रोज सकाळी डबा मागतात. मी पन भरून देते. वाडीत जातात, माडाखाली बसून खातात, नि सांजेला येतात." मी सरबत प्यायले आणि कागद घेऊन निघाले.

मे महिन्यात चौकशी लागली, ऐन परीक्षेच्या धामधुमीत, कॉलेजातल्याच एका खोलीत. चौकशीला वकील चालणार नाही असं पत्र आलं. मदतीला एखादा सहकारी शिक्षक घ्या म्हणे. आता त्या स्टाफरूममध्ये असा एक जण दाखवा ज्यानं सरांच्या टिपणांवर तास मारून नेले नव्हते. पण एकाचं प्रमोशन अडकलेलं, एकाच्या मुलीची बारावी, एकाची नुकतीच बायपास झालेली. एक तर म्हणाला, "सर, मनानं मी तुमच्याबरोबरच आहे." या मनानं बरोबर असणाऱ्यांची मला भयंकर चीड आहे. पाच पावलं चालून शेजारच्या खुर्चीत बसायचं होतं फक्त.

शेवटी सर एकटेच आत बसले आणि मी बाहेर, आवारातल्या बदामाखालच्या बाकावर. इतक्या वर्षांची वकिली आणि मी बसलेय झाडाखाली, मांडीवर कागद घेऊन. साक्षीदाराला काय विचारायचं ते मी लिहायची. सर पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर टाकीशी यायचे, प्रश्न वाचायचे, आत जायचे. पाचव्यांदा आले तेव्हा मी म्हटलं, "सर, एवढं पाणी पिणारा माणूस त्यांनी पाहिला नसेल." ते म्हणाले, "आत घसा कोरडा पडतो हो, खरोखरच."

प्राचार्यांची साक्ष महत्त्वाची होती. पोरांना घेऊन जायची परवानगी त्यांनीच तोंडी दिली होती. वर हेही म्हणाले होते, ऊन आहे, पाण्याच्या बाटल्या न्यायला लावा. सरांनी त्यांना विचारलं, "तुम्ही मला बाटल्यांचं सांगितलं होतं की नाही?" उत्तर आलं, "मला आठवत नाही." परवानगी? आठवत नाही. भित्तिपत्रक लागलं त्या दिवशी तुम्ही पोरांची पाठ थोपटली होतीत? आठवत नाही. साक्ष संपवून प्राचार्य बाहेर आले आणि मला बघून क्षणभर थबकले. म्हणाले, "मॅडम, मला समजून घ्या." मी म्हटलं, "समजलं मला, सर. चांगलंच समजलं." ते माणूस म्हणून वाईट नाहीत. त्याचाच जास्त संताप येतो. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

पाऊस पडायच्या आत बडतर्फीचा कागद आला. सरांनी तो माझ्यापुढे ठेवला, मी वाचला आणि खुर्चीतून उठलेच. सरांना वाटलं मी भडकले. मी खूश झाले होते. चौकशीचा अहवाल सरांना न दाखवताच त्यांना काढून टाकलं होतं. शिक्षा करण्याआधी अहवालाची प्रत द्यावी लागते, त्यावर माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं, हे वकिलीत नव्यानं आलेल्यालाही ठाऊक असतं. एवढी शहाणी संस्था आणि इतकी साधी चूक. मी सरांना म्हटलं, "आता हे आपल्या हातात सापडले."

कॉलेजच्या शिक्षकांची अशी अपिलं मुंबईला न्यायाधिकरणापुढे चालतात. मी अपील लिहिलं आणि मसुदा सरांना वाचायला दिला. दोन दिवसांनी त्यांनी तो परत आणला, चक्क तपासून. लाल शाईनं. समासात बरोबरच्या खुणा, दोन-तीन ठिकाणी प्रश्नचिन्हं, आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात वर्तुळात मार्क: वीसपैकी नऊ. खाली शेरा, 'मुद्दे चांगले. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शेवटी आणि घाईत.'

मला हसू पण आलं आणि राग पण. मी म्हटलं, "सर, इथं मार्क मिळवायचे नाहीत, जिंकायचंय. जो मुद्दा खात्रीचा तो पहिला घ्यायचा. अहवाल दिला नाही, संपलं. यावर कुणी आपल्याला हरवू शकत नाही."

"आणि माझा प्रश्न?"

"आहे ना तुमचाही. सातवा."

"सातव्या प्रश्नापर्यंत परीक्षक दमलेला असतो, वकीलबाई. मी स्वतः तपासलेत ना पेपर."

"दमू दे. तोवर आपण पास झालेले असू."

तेव्हा हे बोलून मी स्वतःवर फार खूश होते. आमच्या धंद्याची ही रीतच आहे, आम्हाला ज्येष्ठांनी तेच शिकवलं. खात्रीचा मुद्दा पुढे काढायचा, जोखमीचा मागे ठेवायचा. शिक्षकाला काय शिकवता यावं, काय विचारता यावं, हा जोखमीचा मुद्दा. त्यावर न्यायाधीश काय म्हणतील सांगता येत नाही. अहवालाची प्रत मात्र दिली किंवा दिली नाही, मधलं काही नसतं. सरांनी लाल पेन खिशाला लावलं. मग म्हणाले, "ठीक आहे. यातलं तुम्हाला जास्त कळतं." माणूस विश्वास टाकतो तो असा, आणि मग तो आयुष्यभर वागवावा लागतो.

पुढे तीन उन्हाळे तारखांत गेले. कधी कॉलेजचा वकील आजारी, कधी बोर्डावर प्रकरणं इतकी की आमचा नंबरच लागायचा नाही. दर वेळी सर डबा आणायचे, दोघांचा. न्यायाधिकरणाच्या जिन्याशी उभ्यानं आम्ही चपाती-भाजी खायचो आणि पालघरला परत यायचो. मधल्या काळात एक दिवस त्यांचं निवृत्तीचं वय झालं. निरोप समारंभ नाही, शाल नाही, भाषण नाही. त्यांनी मला फोन करून एवढंच सांगितलं, "आज मी रिटायर झालो म्हणायचं का? तुम्हीच सांगा कायद्यानं."

निकाल लागला तो पुन्हा परीक्षांच्याच तोंडावर. अपील मंजूर. बडतर्फी रद्द. मी प्रत घेऊन थेट उमरोळीला गेले. बातमी आधीच पोचली होती. ओटीवर स्टाफरूममधले चार जण पेढे घेऊन हजर, त्यात तो मनानं बरोबर असलेलाही होता. तो सगळ्यांत मोठ्यानं बोलत होता. सरांनी कुणाचा पेढा घेतला नाही. चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं आणि निकाल पहिल्या पानापासून वाचायला बसले. आम्ही सगळे बघत बसलो. वहिनींनी दोनदा चहा विचारला.

शेवटच्या पानावर ते थांबले. अहवालाची प्रत न दिल्यानं शिक्षा टिकत नाही. अपीलकर्ते आता सेवानिवृत्तीच्या वयाचे झाल्यानं नव्यानं चौकशी करण्यात अर्थ नाही. सबब उर्वरित मुद्द्यांत जाण्याची आवश्यकता नाही. तिथं सरांनी पेनाला टोपण लावलं.

"जिंकलो ना आपण?" त्यांनी विचारलं.

"जिंकलो, सर."

"मग मी बरोबर होतो की चूक, ते कुठल्या पानावर आहे?"

मी म्हटलं, "ते यात नाही."

"वर जाऊ या मग. वरच्या कोर्टात."

मला सांगावं लागलं की हरलेल्याला वर जाता येतं, जिंकलेल्यानं तक्रार कशाची करायची? अध्यक्ष वर जातील अशीही आशा नव्हती. त्यांना हवं ते मिळालं होतं, सर वर्गाबाहेर राहिले होते. सर मान हलवत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही नीट विचारलंच नाहीत हो." रागावून नाही, वर्गातल्या हुशार पोराला सांगावं तसं. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

लोक म्हणतात, मॅडम, तुम्ही सावे सरांची केस जिंकलीत. बार रूममध्ये त्यावर माझं कौतुक झालं. मी स्वतःची समजूत पुष्कळ घातली. तो मुद्दा पहिला घेतला असता आणि न्यायाधीशांनी उलटं लिहिलं असतं तर? सरांचं पेन्शनही गेलं असतं, आणि साऱ्या जिल्ह्यातल्या मास्तरांच्या गळ्यात तो कागद अडकला असता. हे सगळं खरं आहे. पण याहून खरं हे की मी तो मुद्दा मागे ठेवला तो विचार करून नव्हे, सवयीनं. आणि ही माझी एकटीची सवय नाही. कुणी नोटीस एक दिवस कमी पडली म्हणून वाचतो, कुणी चौकशी समितीत एक सभासद कमी होता म्हणून. आम्ही माणूस वाचवतो, पेढे खातो आणि घरी जातो. त्या माणसाला काढलं होतं कशासाठी, हे कुणी विचारत नाही. स्टाफरूममध्ये मात्र ते बरोबर लक्षात ठेवलेलं असतं.

मागच्या आठवड्यात कोर्टाबाहेर एक मुलगी माझी वाट बघत उभी होती. रेश्मा तिचं नाव, मासवणकडच्या एका पाड्यावरची. सरांच्या जागेवर आता तीच शिकवते, पण तासिका तत्त्वावर. दर जूनला नवं पत्र, मार्चला संपलं. ती म्हणाली, येत्या जूनपासून दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प माझ्याकडे येणार आहे. तिच्या पाड्यातली माणसं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, बरोबर पोरं जातात, त्यांची शाळा बुडते. तिला आपल्या विद्यार्थ्यांना त्या भट्ट्यांवर पाठवायचं होतं, नुसतं विचारायला, कोण पोरगं कुठल्या इयत्तेत सुटलं. "पन भट्ट्या कोनाच्या, ते मला माहीत हाय," ती म्हणाली. मग जरा सावरून शुद्ध बोलू लागली. "मॅडम, मी सरांचा निकाल दोनदा वाचला. इंग्रजी आहे म्हणून मला कळलं नाही की काय, म्हणून विचारते. सर चूक होते असं त्यात लिहिलंय का?"

"नाही."

"बरोबर होते असं?"

"नाही."

"मग मी पोरांना पाठवू का नको?"

ऊन डोक्यावर होतं आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. पाठव, मी आहे ना, एवढंच म्हणायचं होतं. पण मी वकील. मी तिचं नेमणुकीचं पत्र मागून घेतलं आणि वाचलं. तिला काढायला चौकशी लागणार नव्हती, अहवाल लागणार नव्हता, आरोपपत्रही नाही. त्यापुढच्या जूनला फक्त पत्र आलं नसतं. तिला वाचवायला माझ्याकडे खात्रीचा तर सोडाच, कुठलाच मुद्दा नव्हता. होता तो एकच, सरांचा, आणि तो मी सातवा ठेवला होता.

"नको पाठवू," मी म्हटलं. "दुसरा काहीतरी विषय दे. बँकांचं महत्त्व वगैरे."

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. पर्समधून वही काढून तिनं ते तिथंच उभ्या उभ्या लिहून घेतलं. म्हणाली, "बरं झालं तुम्हाला विचारलं, मॅडम. एवढं स्पष्ट आजवर कुणीच सांगितलं नव्हतं."